पाटी लावलेले धपाटे

आमच्या शाळेत चौथीतल्या दोन मुली एकाच डब्यात जेवायच्या. एक मेंढरं राखणाऱ्या घरची, दुसरी बौद्धवाड्यातली. खिचडी शाळेची, पण सोबत घरून धपाटं यायचं. मेंढरंवाल्यांच्या पोरीला मैत्रिणीच्या आईच्याच हातचं लागायचं. स्वतःच्या घरचं ती खुशाल कुत्र्याला घालायची. त्या दोघींचा डबा एक राहावा, एवढीच माझी इच्छा होती.

मग वरून सूचना आली : सांस्कृतिक विविधतेचा उत्सव साजरा करा, फोटो पाठवा. आमचे मुख्याध्यापक भारी उत्साही. प्रत्येक समाजाचा पदार्थ मांडायचा आणि पुढे समाजाच्या नावाची पाटी लावायची, असं त्यांनी ठरवलं.

मी म्हटलं, "सर, इथं सगळ्यांच्याच घरी ज्वारी. पाट्या कशाला?"

"बाई, पाटी न्हाई लावली तर विविधता दिसंल कशी?"

कपाळ माझं! पुसेगावच्या बाजारातून रंगीत कागद आले.

उत्सवाच्या दिवशी टेबलावर निम्म्याहून जास्त ताटांत धपाटेच. मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. गावातल्या बायाबापड्यांना पाट्या वाचता येईनात, तर लेकरांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवल्या. वाचायला आम्हीच शिकवलं होतं.

मेंढरंवाल्यांच्या पोरीनं सवयीनं मैत्रिणीच्या ताटात हात घातला. तिच्या आजीनं मनगट धरलं. "तिथलं न्हाई! काहून खाऊन राहिली?"

"आजी, रोज तर खाते मी."

आजीनं तिला ओढतच बाहेर नेलं. रांगेतल्या बाकीच्यांनी ते पाहिलं आणि ते ताट सोडून पुढे सरकले. ते धपाटे करणारी मैत्रिणीची आई हळद काढायचा रोज बुडवून, धुतलेलं लुगडं नेसून आली होती. भिंतीशी उभी राहून ती सगळं पाहत होती. मी त्या ताटातले दोन धपाटे घेतले.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "आमाला सवय हाय. लेकराला नव्हती."

फोटोत तेच ताट सगळ्यांत देखणं आलं. भरलेलं होतं ना! वरून शाबासकी आली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात; आमच्या मारुतीचं कौतुकही झालं. तेव्हापासून वर्गात 'आपण सारे एक' म्हणताना माझी जीभ जड होते. मला आता यातून काही चांगलं निघेल असं वाटत नाही.

सोमवारी मेंढरंवाल्यांची पोर नेहमीसारखी मैत्रिणीला खेटून बसली. "दे की धपाटं. आजी न्हाई इथं."

मैत्रिणीनं डब्यावर झाकण लावलं. रागानं नाही, समजूत घालावी तसं म्हणाली, "न्हाई गं. तुजी पाटी दुसरी हाय."