दोन ओळी फ्लॉवर

फौजदारीण हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण आता तिला दुसरी हाक कोणी मारत नाही. धाकटा भाऊ तेवढा ताई म्हणतो. आई-बाप गेल्यावर पाच एकरांचा भाजीचा मळा तिनं एकटीनं राखला, आणि राखला तो हाताच्या जोरावर. पाणी चोरणाऱ्याचं डोकं तिनं फावड्याच्या दांड्यानं फोडलं होतं. एका दलालाच्या कानाखाली भर बाजारात जाळ काढला होता. वस्ती तिला टरकून असे आणि अडलं-नडलं की तिच्याकडेच येई. हा दरारा आपण धाकट्यासाठी कमावला, त्याला कोणी हात लावू नये म्हणून, असं ती सांगायची.

फ्लॉवरचा गड्डा मुठीएवढा झाला की त्याचीच पानं वर ओढून दोऱ्यानं बांधायची. नाहीतर तो उन्हानं पिवळा पडतो आणि मग त्याला कुत्रं विचारत नाही. हे काम धाकट्याचं. त्या सकाळी ती बांधाकडेला गेली, तर शेवटच्या दोन ओळींत नुसते बुडखे उभे.

बांधापलीकडे शेजारी वांगी तोडत होता. गेल्याच आठवड्यात त्याची म्हैस हिच्या कोबीत शिरली होती आणि हिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. चोर कोण, हे तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. कोयता हातात होताच.

"माझा माल पचेल वाटलं होय रे?"

"कसला माल? डोकं फिरलंय का तुझं?" म्हणत त्यानं भरलेलं क्रेट तिच्या तोंडावर फेकलं. ओठ फाटला. तोंडात रक्त आलं तसं तिचं भान सुटलं. तिनं कोयता चालवला, त्यानं डोकं वाचवायला हात आडवा घातला आणि त्याची तीन बोटं मातीत पडली. आधी तो नुसता बघत राहिला. मग गुडघ्यांवर बसला आणि गुरासारखा हंबरला. त्याची बायको धावत आली आणि तिनं फौजदारणीच्या पाठीत दगड घातला, मग दुसरा घातला. माणसांनी दोघींना ओढून बाजूला केलं आणि शेजाऱ्याला टेम्पोत घालून नेलं.

फौजदारीण हौदावर तोंड धूत होती. धाकटा चार हात लांब उभा होता.

"ताई, ते गड्डे मी कापले. बांधायचे राहून गेले, पिवळे पडले. आपल्याच म्हशींना घातले."

तिनं तोंडातलं रक्त थुंकलं. मग म्हणाली, "सांगायला तोंड नव्हतं का तुला?"

"सांगितलं असतं तर ती बोटं माझी असती."

तो रागानं बोलला नाही. आजचा भाव सांगावा तसं सांगून गेला. त्याला जवळ घ्यावं म्हणून ती उठली. दोन लेकरांचा बाप तो, मागं मागं सरत हौदाच्या भिंतीला टेकला आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागं लपवले.