जोत्यावरचे नवे नट

एवढी वर्षं टोर्नेडोच्या मागे फिरून तिने एकही टोर्नेडो डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, आणि यावरून घरी तिची भरपूर थट्टा व्हायची. "पाहुणे निघून गेल्यावर चहा टाकणारी बाई," असं नवरा म्हणायचा. ती हवामान खात्यात होती. टोर्नेडो येऊन गेला की दुसऱ्या दिवशी तिथे जायचं, काय मोडलं आणि कसं मोडलं ते बघायचं आणि शून्य ते पाच यांतला एक आकडा द्यायचा, हे तिचं काम. वारा मोजायचं यंत्र वादळाच्या त्या सोंडेच्या वाटेत सहसा नसतं आणि असलं तर ते टिकत नाही. म्हणून वाऱ्याचा जोर मागाहून, मोडतोडीवरून काढायचा. गावोगावचे लोक तिला आकडेबाई म्हणत, आणि तिला ते आवडत नसे.

काम अंगात इतकं मुरलेलं की धाकट्या बहिणीने नवं घर बघायला बोलावलं, तर ही पडदे-फर्निचर सोडून टॉर्च घेऊन जिन्याखाली गुडघ्यांवर बसली. भिंत जोत्याला कशाने बांधलीय ते बघायचं होतं. बहीण पुढे कित्येक महिने तिच्याशी धड बोलली नाही.

पण तिचंही काही चुकत नव्हतं. पडलेलं घर बघून आकडा देणारा माणूस हमखास फसतो. कच्चं घर थोड्या वाऱ्यातही भुईसपाट होतं आणि वाऱ्याला उगाच मोठं करून ठेवतं. म्हणून ती आधी आजूबाजूला काय उभं राहिलंय ते बघायची आणि पडलेल्याकडे मग वळायची.

त्या गल्लीतही तिने तसंच केलं. गल्लीच्या तोंडाच्या घराचं फक्त जोतं उरलं होतं. भिंती नाहीत, छप्पर नाही, चूलसुद्धा नाही. त्या घरातली बाई धोक्याच्या सूचनेत सांगितल्याप्रमाणे सगळ्यात आतल्या खोलीत, म्हणजे बाथरूममध्ये जाऊन बसली होती. ती पलीकडच्या मैदानात सापडली. नवरा कामावर होता, म्हणून वाचला.

"पाच ना हो बाई? पाचच असणार," गल्लीतले लोक जमून म्हणत होते.

लोकांना मोठा आकडा का हवा असतो ते तिला चांगलं ठाऊक होतं. पाचापुढे कुणाचंच काही चालत नाही, म्हणजे कुणाचं काही चुकलंही नाही. माणूस गेलेल्या घराला तेवढाच एक आधार असतो, आणि तो काढून घ्यायची पाळी बहुतेक वेळा हिच्यावर यायची. या नोकरीचा तिला मनापासून राग यायचा तो तेवढ्याचसाठी.

जोत्यापासून हातभर अंतरावर एक फुलझाड होतं. त्याची पानंसुद्धा जागेवर होती. शेजारच्या घराची थोडी कौलं उडालेली, गॅरेजचं दार आत गेलेलं, बस्स. त्याच्या पुढची घरं तर नुसती धुळीने माखलेली. पाचाच्या वाऱ्याने त्या झाडाची साल सोलून काढली असती. ती जोत्यावर चढली.

काठाने ओळीत बोल्ट उभे होते. लाकडी भिंतीच्या तळाची पट्टी या बोल्टांवर बसवतात, वर वायसर, त्यावर नट, आणि पान्याने आवळतात. मग भिंत जायची तर बोल्ट वाकवून किंवा पट्टी फाडूनच जाते. इथे बोल्ट काठीसारखे सरळ होते. प्रत्येकावर नट होता. आणि नटाखाली लाकडाचा एक ढलपासुद्धा अडकलेला नव्हता.

तिने वाकून एका नटावर बोट फिरवलं. बोल्ट गंजलेला, नट कोरा करकरीत. बोटाला ताजं ग्रीस लागलं.

उलट्या बादलीवर बसलेला एक म्हातारा तिच्याकडे बघत होता. गेलेल्या बाईचे वडील. बसच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेला माणूस, नखांत काळं कायमचं बसलेलं.

"काका," ती त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "हे आज सकाळी लावलेत. घर पक्कं होतं असं दिसावं म्हणून."

म्हाताऱ्याने नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

"घर जावयाने स्वतः बांधलं," तो म्हणाला. "हौसेने. भिंत ओळंब्यात बसेपर्यंत नट लावायचे नाहीत म्हणाला. पट्टी खिळ्यांवर धरली होती. मग आतून फळ्या ठोकल्या, बोल्ट झाकले गेले, रंग झाला. मी तेव्हाच म्हटलं, अरे, नट राहिले. तर हसला. म्हणाला, बाबा, घर आहे हे, बस नाही. कुठे धावायचंय त्याला? नंतर लावू."

त्याने नाक पुसलं.

"मुलगी तर गेली, बाई. आता माझं म्हणायला हा एवढाच उरलाय. त्याला कळलं, की वाऱ्याने नाही, आपल्या हाताने गेली, तर हाही राहणार नाही. तुम्ही चार लिहा. पाच नको, चारच लिहा. कुणाचं काय जातंय?"

तिला लिहावंसं वाटलं, अगदी मनापासून. एका आकड्याने एक माणूस तगत असेल तर गेलं खड्ड्यात ते मोजमाप. पण वर्कशॉपातल्या त्या माणसाने जो प्रश्न सहज विचारला होता, तो तिला सोडेना. कुणाचं काय जातंय?

"जावई काय करतात?"

"हेच. घरं बांधतो."

"या गल्लीतली?"

म्हाताऱ्याने गल्लीच्या त्या टोकापर्यंत पाहिलं. धुळीने माखलेली, धडधाकट दिसणारी घरं. एका अंगणात कुणीतरी गाद्या उन्हात टाकत होतं. त्याचा चेहरा उतरत गेला आणि तिला आपलीच चीड आली, कारण हे त्याच्या ध्यानात आणून देणारी ती होती.

"सगळी त्यानेच," तो म्हणाला.

"मी चार लिहिलं तर ती सगळी मजबूत ठरतात, काका. चारात एकच पडलं, बाकीची टिकली. मग कुणी फळी उघडून बघणार नाही."

म्हातारा बादलीवरून उठला. मग खिशातून पाना काढून जोत्यावर उकिडवा बसला आणि नट सोडवायला लागला. एक काढायचा, खिशात टाकायचा, पुढे सरकायचा. तिने त्याला मदत केली नाही. मदत करण्यासारखं ते काम नव्हतं.

तेवढ्यात जावई आला. रात्रभर न झोपलेला, दुसऱ्याचा शर्ट घातलेला, हातात सासऱ्यासाठी चहाचा ग्लास.

"बाबा, काय करताय?"

सासऱ्याने मान वर केली नाही. जावयाने बोल्ट पाहिले, खिशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे वळला.

"किती?"

हा प्रश्न तिला आजवर हजार जणांनी विचारला असेल. इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

"दोन."

"दोनमध्ये घर जात नाही," तो म्हणाला. धंद्यातला माणूस, त्याला ते शिकवायची गरज नव्हती.

"नाही. छप्पर जातं. भिंती राहतात."

"आणि बाथरूम?"

"राहिलं असतं."

त्याने ग्लास जपून जोत्यावर ठेवला, सांडू नये असा, आणि त्याच्या शेजारी बसला. रडला नाही. चहावर साय धरेपर्यंत त्या ग्लासाकडे बघत राहिला. तिने आकडा लिहून टाकला. एरवी आकडा लिहिला की ती गाडीत जाऊन बसायची. आज तिचा पाय निघेना.

म्हातारा उठला. गुडघे धरत जोत्यावरून उतरला, जावयापाशी थांबला आणि पाना त्याच्यापुढे धरला.

"ऊठ."

तो उठला नाही. म्हातारा थोडा वेळ तसाच हात पुढे करून उभा राहिला, मग पाना घेऊन एकटाच शेजारच्या घराकडे चालू लागला. खिशातले नट पावलागणिक वाजत होते. आकडेबाई टॉर्च घेऊन त्याच्या मागोमाग गेली. दाराशी पोचताना तिला मागे पावलं ऐकू आली. तो येत होता.

दार उघडणाऱ्या बाईने तिघांकडे पाहिलं आणि हातातलं पोर कडेवर घेतलं.

"ताई," म्हातारा म्हणाला, "भिंतीची खालची फळी जरा उघडावी लागेल. आमच्या जावयाचं थोडं काम राहिलंय."