जास्तीची साखर

मालनबाईंनी जन्मभर बाजारात मोगरा विकला. शेजारी कमळीची पाटी असायची. दोघींत एकच चहा, आणि मालनला साखर जास्त लागते म्हणून चहावाल्याशी रोज भांडायची ती कमळी.

आता मालनबाई नायगावच्या टॉवरमध्ये राहतात. रविवारी सून नेत्रा त्यांना आणि आपल्या आईला वटार गावात, वाडीतल्या जुन्या कौलारू घरात निघालेल्या चहाघरात घेऊन गेली. ट्रे घेऊन आली ती नेमकी कमळीच.

"माले, तूच ना गो?"

"आई, ओळखता यांना?" नेत्राने विचारलं. विहीणबाई बघतच होत्या.

"नाही गं." जीभ कशी रेटली कुणास ठाऊक.

"चुकलं माझं, मॅडम," म्हणत कमळीने कप मांडले.

मालनबाईंची मान वर होईना. खाली बघताना एवढंच दिसलं: सगळ्यांच्या बशीत साखरेची एकेक पुडी, त्यांच्या बशीत दोन.