कुंपणाकडेचं गवत

झिंबाब्वेतल्या बुलावायोच्या आमच्या गल्लीत नव्या सुनेची परीक्षा अंगणात होते. पहाटे उठून असं झाडायचं, की नुसती लाल माती आणि झाडूच्या रेघा दिसल्या पाहिजेत. काडी राहिली की माहेरचा उद्धार ठरलेला. मी खेड्यातली, झाडण्यात पटाईत. तिसऱ्याच दिवशी कुंपणाकडेचं बोटभर हिरवंसुद्धा उपटून अंगण लख्ख केलं आणि शाबासकीची वाट बघत बसले. मूर्ख कुठली!

ते गवत नव्हतंच. दर नोव्हेंबरात पहिल्या पावसाबरोबर आपली आपण उगवणारी झिनिया आणि कॉसमॉसची फुलझाडं होती, कुंपणावर चढणारी निळी गारवेल होती. सासरे गेल्यावर सासूबाईंनी, म्हणजे गल्लीच्या मासिबांडांनी, त्या बागेला जीव लावला होता. बी त्यांनी कधी साठवलं नाही, पडायचं, रुजायचं. दारात उभ्या राहून त्या कितीतरी वेळ मातीकडे बघत होत्या. माझं गाठोडं आता माहेरी जाणार, असंच मी धरून चालले. पण त्या एवढंच म्हणाल्या, की चहा गार होतोय.

त्यांच्या फुलांचं पूर्वी कधी वाटलेलं बी गल्लीत एकाच घरी उरलं होतं, मान्योनीकाकूंकडे. आणि त्या दोघींचा दोन वर्षं अबोला, कुठल्याशा लग्नातल्या मटणाच्या वाट्यावरून. माझ्या हातात वाटी देऊन सासूबाई मला घेऊन तडक काकूंच्या फाटकाशी गेल्या.

"थोडं बी दे गं. डोळ्यांनी दगा दिला. गवत समजून मीच सगळं उपटलं."

काकू पोट धरधरून हसल्या. बी दिलं, अबोला सोडला आणि संध्याकाळच्या आत गल्लीभर केलं. पुढं वीस वर्षं सासूबाईंची थट्टा चालली, की हिला फुलं दाखवू नका, भाजी करून वाढेल. त्याही हसायच्या. मला एकेक रोप ओळखायला शिकवलं, पण त्या सकाळचा विषय चुकूनही काढला नाही. किती उपकार मानू त्या बाईचे! खरं बोलायचं धाडस मात्र मला झालं नाही.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. मातीवरून परतल्यावर फाटकाशी हात धुताना मला राहवलं नाही.

"काकू, ती रोपं मी उपटली होती."

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या सुईत दोरा शेवटपर्यंत तीच ओवून द्यायची."