शेंदूर लावलेला दगड

शाफ्टवर पुन्हा निळा डाग उठला. मी मशीन बंद केली.

शाफ्ट म्हणजे साखर कारखान्याच्या पंपाचा फिरता दांडा. गाळप तोंडावर आलेलं, आणि जादा शाफ्ट नाही. येडशीजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग सेक्शन माझ्याकडे आहे. ग्राइंडिंग म्हणजे फिरत्या दगडाने लोखंडाचा केसाहून पातळ थर काढणं. दगडाचे कण धारदार असले की ते कापतात. त्यांच्यामधली छिद्रं बुजली की दगड नुसता घासतो. घर्षण वाढतं, लोखंड तापून निळं पडतं, आणि पुढे तिथेच तडा जातो.

मालक आण्णा डोक्यावर उभे होते. "मॅडम, कूलंट वाढवा की."

कूलंट म्हणजे काम गार ठेवणारं दुधाळ पाणी.

"फुल सोडलंय, आण्णा."

"मग अजून एक कट मारा."

"माप गाठायला एकच कट शिल्लक आहे. तोही जळला तर शाफ्ट भंगारात."

मी दगडावरचं गार्ड उघडलं. थांबलेल्या दगडावर नख फिरवलं. काचेसारखा गुळगुळीत, तांबूस, तेलकट. माझं डोकंच फिरलं. ज्ञानोबामामा आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांना हाक मारली.

"मामा, खंडेनवमीला शेंदूर कुठं लावला?"

"दगडाला. दरसाल मशीनच्या दाराला लावतो. औंदा काम लई मोठं, म्हणून दगडालाच लावला. तेलात चांगला कालवून."

दसऱ्याच्या सुट्टीभर ते तेल दगडात मुरून छिद्रं बुजली होती. आता ड्रेसिंग हवं होतं, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने दगडाचा वरचा थर सोलायचा.

मामा आडवे आले. "पूजेचा शेंदूर खरवडायचा? न्हाय जमायचं."

"तुमचा ऊस त्याच कारखान्याला जातो ना? पंपाशिवाय गाळतील का तो?"

 मामांनी टोपी काढली, दगडाला हात लावून कपाळाला लावला. "सरका," म्हणाले आणि हिरा स्वतःच लावला. लाल भुकटी पडत राहिली. मामांनी ती कागदात गोळा केली. तांबूसपणा जाईपर्यंत मी त्यांना थांबू दिलं नाही.

शेवटचा कट मी स्वतः घेतला. आता दगड मघासारखा किंचाळत नव्हता, नुसता खसखसत होता. शाफ्ट पुसला. लख्ख. मायक्रोमीटर लावला. माप बरोबर. आण्णा मटकन स्टुलावर बसले.

शाफ्ट टेम्पोत चढवताना मामांनी कागदाची पुडी उघडली आणि बोटावर भुकटी घेतली. तिच्यात दगडाचे धारदार कण होते, आणि बोट निघालं होतं नेमकं बेअरिंग बसते त्या जागेकडे. मी हात धरला.

"मामा, टेम्पोला लावा."

"व्हय, त्येबी चालतंय," म्हणत त्यांनी बंपरला टिळा लावला.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. पूजा सगळ्या मशीनची करायची, पण फिरणारा भाग सोडून.