क्षमा, तीन आकारांत उपलब्ध

गल्लीत त्यांना सगळे चौकटराव म्हणत. धंदा फोटोफ्रेमचा, हे त्याचं एक कारण आणि स्वभाव हे दुसरं. माणूस चारी कोपऱ्यांत काटकोनी. एकदा मत बसलं की बसलं, मग ते खिळा उपटूनच काढावं लागे, आणि खिळा उपटला तरी भिंतीला भोक राहायचंच.

दुकानात फोटो यायचे, प्रमाणपत्रं यायची, पण खरा खप सुविचारांचा. चौकटराव ते स्वतः जुळवायचे आणि स्वतःच जाड कागदावर रंगवायचे. हात इतका वळणदार की 'आळस' लिहिला तरी भिंतीवर लावावासा वाटे. शब्दांची वर्गवारी मात्र ते अर्थावर करत नसत, रुंदीवर करत. 'क्षमा' दोन अक्षरांची, उरल्यासुरल्या पट्टीतही बसते, म्हणून ती लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन आकारांत कायम तयार. 'समाधान' हा मधला माल. 'सकारात्मकता'ला लांब पट्टी लागते आणि भिंतही तशीच लागते, त्यामुळे ती ऑफिसवालेच नेत.

कोण काय नेतं, यावरून चौकटरावांना अख्ख्या गावाची नाडी कळे. जिथे एकमेकांच्या खुर्च्या ओढायचं काम जोरात, त्या ऑफिसात 'आपण सारे एक' जाई. 'मौन ही मनाची अंघोळ' ज्या घरी लागली, त्या घरातलं भांडण नाक्यावर शब्दन् शब्द ऐकू येई. एका बाईंची 'संयम'ची फ्रेम दोन दिवस उशिरा झाली, तर त्या दुकानात अशा कडाडल्या की शेजारच्या शिंप्याची सुई त्याच्याच बोटात घुसली.

"ज्याला जे नाही, तो ते भिंतीवर लावतो," चौकटराव बायकोला सांगत.

"आणि जो विकतो त्याचं काय?" बायको विचारी. अशा वेळी चौकटरावांना नेमकं काहीतरी मोजायचं असे.

समोरच्या गाळ्यात त्यांच्या धाकट्या भावाचं काचेचं दुकान होतं. वडिलांच्या काळी सगळं एकाच छपराखाली होतं, एका अंगाला चौकटी, दुसऱ्या अंगाला काच. पुढे जागा पुरेना म्हणून धाकट्याने समोरचा गाळा घेतला. त्यात भांडण नव्हतं. इकडून आरशांना चौकटी जात, तिकडून फ्रेमना काचा येत, आणि मधल्या रस्त्यावरून दिवसभर दोघांच्या आरोळ्या चालत. घरही एकच. वर थोरले, खाली धाकटे, आणि दोघी जावांचं इतकं गूळपीठ की कोणाच्या घरचा चहा कोण प्यायलं याचा हिशोब कुणी ठेवत नसे.

मग सलूनचा आरसा झाला.

धाकट्याने नाक्यावरच्या सलूनमध्ये भिंतभर आरसा लावला. सलूनवाल्याला तो एका बाजूला कललेला वाटला. नेमके त्याच वेळी चौकटराव तिथे दाढीला बसलेले, अर्ध्या गालाला फेस. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. पण थोरल्या भावाला विचारावं लागत नाही.

"बाबांचा हात सरळ होता," चौकटराव आरशात बघत मोठ्याने म्हणाले. "ह्याच्या हाताला सरळ रेघ माहीतच नाही."

खुर्च्यांवरची गिऱ्हाइकं हसली. धाकट्याने पिशवीतून ओळंबा काढला, आरशाच्या कडेला दोरी सोडली. दोरी आणि आरसा अगदी अंगाला अंग लावून उभे. मग तीच दोरी भिंतीच्या कोपऱ्याला धरली, तर भिंत चांगली बोटभर बाहेर. वाकडी भिंत होती. चौकटरावांनी ते स्पष्ट पाहिलं. बोलायला एवढा वेळ मिळाला की गालावरचा फेस सुकला, पण तोंडातून शब्द निघाला नाही.

त्या दिवसापासून धाकट्याने बोलणं टाकलं.

धंदा तर अडून राहू शकत नव्हता. मग चौकटराव दारात उभे राहून रस्त्याला उद्देशून म्हणत, "बारा बाय अठरा लागणार होती बाबा कुणाला तरी." समोरून उत्तर येत नसे. थोड्या वेळाने कापलेली काच बिनबोभाट पायरीवर येऊन पडे. मापात अचूक, कडा घासलेल्या. तिला नाव ठेवायलासुद्धा जागा नसे, याचाच चौकटरावांना जास्त राग येई.

शेवटी त्यांनी आपल्या हातचं हत्यार काढलं. 'संवाद हा नात्याचा श्वास' अशी दणदणीत फ्रेम केली आणि दारात टांगली, तोंड बरोबर समोरच्या दुकानाकडे. परिणाम शून्य. दोन दिवसांनी 'जो आधी नमतो, फळ त्याच्याच हाती लागतं.' मग 'अबोला ही भ्याडांची ढाल.' धाकटा शब्दांचा माणूस नव्हता. त्याने एक मोठा आरसा बाहेर आणला आणि फ्रेमच्या बरोबर समोर उभा केला. त्यानंतर चौकटरावांना दिवसभर आपले सुविचार उलट्या अक्षरांत आणि त्यांच्या खाली आपलंच थोबाड दिसू लागलं.

या फ्रेमांचा रोख कुणावर आहे, हे गल्लीला ठाऊक नव्हतं. लोक म्हणाले, वा, चौकटरावांनी समाजप्रबोधन काढलंय! भावासाठी टांगलेला प्रत्येक टोमणा संध्याकाळपर्यंत विकला जाऊ लागला. 'भ्याडांची ढाल' तर एका नवऱ्याने बायकोसाठी आणि त्याच्याच बायकोने नवऱ्यासाठी, अशी एकाच आठवड्यात दोनदा नेली. शाळेचे हेडमास्तर खास विचारायला आले, "एवढं सुचतं कुठून हो?"

"चिंतनातून," चौकटराव म्हणाले.

"चिंतन कसलं," आतून बायको म्हणाली, "चिडचिड आहे ती."

एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने सहज सांगावं तसं सांगितलं, "भाऊजी चाललेत."

"कुठे?"

"लांब. उंच इमारतींना काचा लावणारी कंपनी आहे म्हणे. दुकान बंद करणार, बिऱ्हाड हलवणार. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या साहेबाचा फोन यायचाय, तेव्हा हो म्हणणार."

चौकटरावांच्या हातातला पट्टीचा तुकडा तसाच राहिला. "मग जाऊ दे. प्रगती आहे."

"खालची रडत होती. म्हणाली, ताई, दादांनी एकदा बोलावं नुसतं, हे जायचे नाहीत."

"मी रोज बोलतोय की! इतक्या मोठ्या अक्षरांत बोलतोय!"

"ते अख्ख्या गल्लीला बोलताय. त्यांना काय बोललात?"

या प्रश्नाला कुठलंच माप लागू होईना. चौकटराव दुकानात येऊन बसले आणि त्यांनी सगळा माल धुंडाळला. क्षमा होती, तिन्ही आकारांत. नम्रता होती, कृतज्ञता होती, आत्मपरीक्षण तर सोनेरी पट्टीत होतं. 'माणूस चुकतो' असं होतं, 'आपण शिकतो' असंही होतं. पण 'मी चुकलो' असं एकही नव्हतं. असली फ्रेम आजवर कुणी मागितलीच नव्हती. त्यांनी कोरा कागद घेतला, कुंचला बुडवला, 'मी' लिहिलं, आणि त्या 'मी'ची वेलांटी इतकी सुंदर आली की पुढे 'चुकलो' लिहायचा धीर होईना. तो कागद बाजूला ठेवून त्यांनी दुसरा घेतला आणि पूर्ण मनापासून, डोळ्यांत पाणी आणून लिहिलं: 'चूक कबूल करणं हाच खरा मोठेपणा.' त्यांच्या मते ही माफी होती. माफीत मोठेपणाचा उल्लेख नसावा, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

गुरुवारी सकाळी फ्रेम टांगली आणि चौकटराव आडोशाला उभे राहिले. धाकट्याने शटर वर केलं, फ्रेम वाचली, पुन्हा वाचली. त्याचे कान लाल झाले. बाहेरचा आरसा उचलून त्याने आत नेला आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

रात्री जेवताना बायकोने बातमी आणली. "भाऊजी म्हणाले, चूक दादाची, आणि कबूल मी करू? आता तर जाणारच."

"अगं, ते मी माझ्याबद्दल लिहिलं होतं!"

"तुमचं नाव होतं त्यात?"

शुक्रवारी दुपारी धाकट्याच्या दुकानासमोर टेम्पो उभा राहिला. टेम्पोत पुरुषभर उंच, रुंद आरसा, गल्लीच्या टोकाला वरच्या मजल्यावरच्या नाचाच्या क्लासचा. धाकट्याचा मदतनीस कंबर धरून घरी बसला होता. टेम्पोवाला म्हणाला, "मी चालवतो, उचलत नाही." धाकटा आरशाभोवती एक फेरी मारून आला. इतका मोठा आरसा एकट्याने उचलायचा नसतो, हे वडिलांनी दोघांना चालायला शिकवायच्या आधी शिकवलं असेल.

चौकटराव रस्ता ओलांडून गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनी टेम्पोतली गोणपाटाची चिंधी घेतली आणि आरशाची एक कड धरली.

"सोड. मी बघतो," धाकटा म्हणाला.

"काय बघतोस एकटा?"

"तुझी नाही ही काच."

"फुटली की कुणाचीच नाही. धर तिकडून."

धाकट्याने धरलं. आरसा उभा, एका अंगाला चौकटराव, दुसऱ्या अंगाला धाकटा. आरसा नेताना अबोला पाळता येत नाही.

"उचल."

"हळू."

"खड्डा आहे. उजवीकडे."

"थांब. आता चल."

"पायरी."

चौकटरावांनी जन्मभर एवढे भारदस्त शब्द रंगवले, पण 'पायरी' इतका मोलाचा शब्द त्यांच्या हातून कधी उतरला नव्हता.

जिन्याच्या वळणावर चपलांचं कपाट आडवं आलं. आरसा ना वर जाईना, ना खाली येईना. वरून नाचाच्या बाई ओरडल्या, "धरून ठेवा हो, मी सरकवते कपाट!" दोघं जागच्या जागी अडकले. वळताना आरशाचं तोंड चौकटरावांच्या बाजूला आलं होतं. घामेजलेला चेहरा, मिशीत लाकडाचा भुसा, असा एक इसम त्यांच्याकडे अगदी जवळून बघत होता. भाऊ त्याच्या पलीकडे होता.

"त्या दिवशी सलूनमध्ये..." चौकटराव म्हणाले.

"आत्ता नको, दादा."

"आत्ताच. हात मोकळे झाले की मी लिहायला बसतो. भिंत वाकडी होती. तू ओळंबा लावलास तेव्हाच दिसलं मला. दिसूनही मी गप्प बसलो."

त्यांनी आरशाची कड पुन्हा घट्ट धरली.

"माझं चुकलं."

"काय?"

"ऐकलंस की."

"काच जाड आहे. परत सांग."

"माझं चुकलं!"

"चुकू दे हो, दोनच मिनिटं धरा!" बाई वरून म्हणाल्या.

आरशाच्या मागे धाकटा फिसकन हसला. आरसा थरथरला. "हसू नकोस, फुटेल!" चौकटराव ओरडले, आणि आरशातला भुसावाला इसमही ओरडला.

हसू थांबल्यावर धाकट्याचा आवाज आला, पण आता तो बारीक होता. "आणि बाबांच्या हाताचं काय? ते चारचौघांत बोललास."

चौकटराव हळूच म्हणाले, "बाबांनी कापलेल्या निम्म्या काचा मी कडा घासघासून चौकटीत बसवल्यात. कधी कुणाला कळू दिलं नाही. तुझी काच मला एकदाही घासावी लागलेली नाही. आणि हे मी त्या सलूनमध्ये जाऊन सांगतो, ते सगळे बसलेले असताना. म्हणशील तर फेस लावून सांगतो."

"कपाट सरकलं!" बाई ओरडल्या.

"उचल," धाकटा म्हणाला. "वळताना माझ्याकडे झुकव."

आरसा वर गेला, भिंतीला लागला. धाकट्याने ओळंबा सोडला, दोघांनी दोन बाजूंनी डोळे बारीक करून बघितलं. चौकटराव काही बोलणार होते, पण त्यांनी ते गिळलं. स्क्रू बसवता बसवता संध्याकाळ झाली, आणि धाकट्याच्या खिशातला फोन वाजला. हातात स्क्रू असल्याने त्याने तो स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवला.

"काय मग, येताय ना?" पलीकडून साहेब म्हणाला.

धाकट्याने स्क्रू पुरता आवळला. "नाही जमणार, साहेब. घरची अडचण आहे. मोठा भाऊ आहे, त्याला एकट्याला काच धरता येत नाही."

"कोण म्हणतं येत नाही?" चौकटराव उसळले.

"अंगठा सरकतो त्याचा. कडेवरून."

"माझा? जिन्यात तुझा सरकला! मी बघितला!"

"तू कुठे बघत होतास? तू स्वतःचं तोंड बघत होतास!"

"चाळीस वर्षं काच धरतोय मी..."

"धरत नाहीस, टेकतोस तिला! बाबासुद्धा म्हणायचे!"

"बाबा असं कधी म्हणाले? कधी?"

क्लासच्या मुली येऊन दारात रांगेने उभ्या राहिल्या होत्या. बाई म्हणाल्या, "अहो, माझा वर्ग सुरू व्हायचाय," पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. खिडकीत साहेब थोडा वेळ हॅलो, हॅलो करत राहिला, आणि मग त्यानेच फोन ठेवला.