शिंगावरचा रंकाळा

आधी बोट डब्यात. मग तेच बोट म्हशीच्या शिंगावर. मग दोन पावलं मागं, एक डोळा मिटलेला, मान तिरकी. आमचे शेजारी मामा असे उभे राहिले की गल्लीतला येणारा-जाणारा थांबायचा. आता निकाल लागणार, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. म्हैससुद्धा मान हलवायची नाही. मग मामा बोट बनियनला पुसत जाहीर करायचे, "आला! रंकाळा आला!"

हा रंग नेमका कसा, ते सांगणं अवघड. निळा म्हणावा तर हिरवट, हिरवा म्हणावा तर निळसर, आणि वर कुणीतरी चिमूटभर राख टाकल्यासारखा. मोरपंखी नव्हे. मोरपंखी हा मिरवणारा रंग. हा म्हणजे मिरवून मिरवून दमलेला आणि आता सावलीला बसलेला मोरपंखी. ढग आलेल्या संध्याकाळी रंकाळा तळ्याच्या काठावर उभे राहा, पाण्याकडं बघा, म्हणजे मामांचं घर दिसेल.

घर म्हणजे सगळंच. दार, खिडक्या, बाहेरचं बाकडं, तुळशीकट्टा, पाण्याची टाकी, सायकल, छत्रीची मूठ. भिंतीवरची पाल वेळेवर हलली म्हणून वाचली, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि या सगळ्याचा नमुना म्हणून बिजलीची शिंगं. बिजली ही मामांची शेवटची म्हैस. नाव बिजली आणि चाल अशी, की तिची सावली पुढं निघून जाईल.

मामांचा धंदा दुधाचा. संध्याकाळी बिजलीला घेऊन कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर यायचे, गिऱ्हाइकासमोर धार काढायचे आणि फेसाळता पेला हातात द्यायचे. दूध संपलं की बिजलीच्या पाठीवर थाप. ती एकटी घरी जायची, मामा मागं गप्पा मारत बसायचे.

"मामा, चुकत न्हाई ती?" कुणी नवखा विचारायचा.

"चुकंल कशी? दार बघून जातीया."

म्हैस रंग बघून जाते की वास घेऊन, यावर गल्लीत दोन पक्ष होते. मी वासाच्या पक्षात होते. पण ते पुढं.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटतात. लाल, गुलाबी, सोनेरी शिंगं, मोरपिसं, घुंगरं. मालक मोटारसायकलवर पुढं, म्हैस पळत मागं, आणि आख्खी पेठ शिट्ट्या मारत रस्त्यावर. त्या झगमगाटात बिजली आपल्या विझक्या शिंगांनी टुकूटुकू यायची. पोरं ओरडायची, "मामा, म्हस आजारी हाय काय ओ?"

"तुमच्या म्हशी लग्नाला निघाल्यात," मामा न वळता म्हणायचे. "माझी आंघोळ करून आलीया."

एकदा रंग जमेना. मामा निळा, हिरवा, काळा असे डबे आणून स्वतःच घोटायचे, पण त्या वर्षी काही केल्या निकाल लागेना. कुणीतरी सांगितलं की आता दुकानात मशीन आलंय, हवा तो रंग पाडून देतं. मामा गेले. दुकानदारानं शेडकार्ड पुढं केलं. मामांनी ते उलटसुलट केलं आणि परत दिलं. "ह्यात न्हाई."

"मग नमुना घेऊन या मामा. नमुना असला की झालं."

अर्ध्या तासात भर बाजारातल्या त्या दुकानाच्या पायरीवर बिजली उभी! पुढचे दोन पाय आत, मागचे रस्त्यावर, तिच्यामागं रिक्षांची रांग आणि हॉर्नचा कल्लोळ. दुकानदार काउंटरच्या मागून किंचाळला, "हे काय मामा?"

"नमुना आना म्हनालासा की."

मी भाजी घ्यायला गेले होते. भाजी राहिली. असला प्रयोग सोडून कोण जाईल?

मशीनमधून रंग निघाला तो भरपूर निघाला. उरलेला डबा घेऊन मामा आमच्या दारात. "वैनी, तुमचं गेट गंजलंय. मालक न्हाईत न्हवं घरात?" मालक म्हणजे माझे यजमान. ते ऑफिसात होते. मी चहा ठेवला आणि मामांनी गेट रंगवायला घेतलं.

त्या दुपारी रंगाची गोष्ट कळली. पूर्वी मामा आणि मामी रोज म्हशी घेऊन रंकाळ्यावर जायचे. मामी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून म्हशी घासायची आणि काठावरच्या मामांना हुकूम सोडायची. पुढं तळ्यात जनावरं धुणं बंद झालं. मामी घराच्या परसात बादलीनं म्हशी धुवायची आणि दिवसदिवस बोलायची नाही.

"मग म्या ह्यो रंग घोटला," मामा ब्रश फिरवत म्हणाले. "पानी न्हाई तर न्हाई. म्हशीच्या शिंगाला लावून दावला तिला. एक डोळा मिटून बघितलं तिनं आनि म्हनाली, आला की ओ रंकाळा!"

मामींना मी पाहिलं नव्हतं. आम्ही राहायला आलो त्याआधीच त्या गेल्या होत्या. तो मिटलेला डोळा मूळचा कुणाचा, ते मला त्या दिवशी समजलं.

आता बिजलीकडं. पुढच्या रविवारी माझ्या नणंदेला बघायला हातकणंगल्याकडचे पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा फिरल्या, मुलीनं मान खाली घातली, मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला, आणि हॉलच्या दारातून निळीहिरवी शिंगं आत आली. मागोमाग बिजली. कुणाला न धडकता तिनं माझ्या नवऱ्याच्या बशीतले पोहे हुंगले. मामा धापा टाकत पोचले.

"पावनं, भिऊ नगासा. गरीब हाय. गेटाचा रंग बघून घर चुकली बिचारी."

मुलाचे वडील पक्के शेतकरी. उठले, बिजलीला चारी बाजूंनी बघितलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दूध किती देती?" पुढचा तासभर दोघं म्हशीवरच बोलले. मुलीला कुणी काही विचारलंच नाही. सोयरीक जुळली. आणि मी वासाचा पक्ष सोडला.

त्यानंतर आम्ही गेटाला कडी लावू लागलो. बिजली रोज तिथं थांबायची, विचारात पडायची, मग पुढच्या खऱ्या दाराकडं जायची.

दोन वर्षांपूर्वी मामांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगा कागलच्या कारखान्यात, शहाणा, बापावर जीव असलेला. पण घर नवं दिसावं एवढीच त्याची हौस. राखाडी रंग निवडला, दारासकट. मामा माझ्याकडं आले. इतके हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"पोराचं लगीन हाय, म्या काय बोलनार? पन म्हस घर चुकंल ओ, वैनी. तुमचं गेट तेवढं बदलू नगासा."

मी शब्द दिला.

घर राखाडी झालं. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू? त्या संध्याकाळी बिजली आमच्या गेटाशी थांबली, नेहमीसारखी पुढं गेली, त्या नव्या दारासमोर उभी राहिली, आणि वळून परत आमच्याकडं आली. मामा आपल्या उंबऱ्यावरून सगळं बघत होते. हाक मारली नाही त्यांनी. चालत आले, तिच्या गळ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल. घर फुडं हाय."

मग ते रोजचंच झालं. बिजली आमच्या गेटाशी येऊन थांबायची आणि मामा तिला न्यायला यायचे. "चल. घर फुडं हाय."

गेल्या थंडीत मामा गेले. झोपेतच.

दिवसकार्य उरकलं. मुलानं बिजलीला कट्ट्यावर नेलं, धार काढली, आणि वडिलांसारखीच पाठीवर थाप देऊन तिला सोडलं. मुलगा गाठीभेटीत न अडकता दुसऱ्या वाटेनं आधीच घरी गेला. बिजली मात्र आमच्या गेटाशी येऊन थांबली. वाट बघू लागली. कुणी येईना. शेवटी मीच कडी काढली, तिच्या गळ्यावर हात ठेवला. "चल," मी म्हटलं, "घर फुडं हाय."

ती निघाली. मामांच्या घराशी पोचलो तर मुलगा उंबऱ्यात उकिडवा बसलेला. भोवती निळ्या, हिरव्या, काळ्या रंगांचे डबे. अर्धं दार अजून राखाडी, अर्धं ओलं. आम्हाला बघून तो उठला, डब्यात बोट बुडवलं आणि बिजलीच्या शिंगावर ओढलं. बिजली हलली नाही.

"वैनी," तो म्हणाला, "आला का ओ?"

मी दोन पावलं मागं सरले. एक डोळा मिटला. हिरवा जरा जास्तच पडला होता.

मी काही बोलायच्या आत बिजली पुढं झाली. ओल्या दाराला शिंग घासत, रंगाचा फराटा ओढत, सावकाश आत गेली.

"आला," मी म्हटलं. "रंकाळा आला."